इन्सुलिनच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडण्याआधीची तयारी

इन्सुलिनच्या प्रात्यक्षिकाला बसणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे स्फटिक जस्तासह वाढवायचे की जस्ताविना. कारण द्रावणे, सामू आणि शेवटी आकडेमोडीत द्यायचा स्पेस ग्रुप (स्फटिकाच्या सममितीचा प्रकार) हे सारे त्यावरच अवलंबून आहे. जस्त असले की इन्सुलिनचे सहा रेणू दोन जस्त-आयनांभोवती एकत्र येतात आणि ऱ्होंबोहेड्रल (तिरप्या घनासारखे) स्फटिक मिळतात. डोरोथी हॉजकिन यांनी ऑक्सफर्डमधून १९३५ साली ज्याच्या क्ष-किरण छायाचित्राविषयी लिहिले आणि १९६९ साली ज्याची रचना २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) उलगडली, तो हाच स्फटिक. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नावारूपाला आलेले एम. विजयन त्या वेळी त्यांच्या गटात होते. आठवड्याभराच्या प्रात्यक्षिकासाठी मात्र जस्तविरहित क्युबिक (घनासारख्या सममितीचा) स्फटिकच घ्यावा, कारण तो लवकर वाढतो आणि त्याची सममिती इतकी मोठी आहे की थोड्या अंशांच्या फिरकीतच मोजणी पुरी होते.

नमुना मागवताना कुपीवर प्राण्याचे नाव आहे ना, ते पाहावे. डुकराचे आणि माणसाचे इन्सुलिन फक्त बी-३० या जागी (रेणूच्या ए आणि बी या दोन साखळ्यांपैकी बीमधल्या तिसाव्या) वेगळे असते, गाईचे त्याशिवाय ए-८ आणि ए-१० येथेही; इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात रेणूचे प्रतिमान बसवताना ५१ ॲमिनो आम्लांचा क्रम चुकीचा घेतला, तर नकाशातले ते डाग दोन दिवस छळतात. औषधाच्या दुकानातली कुपी चालणार नाही का, असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. चालणार नाही: ४० युनिटच्या कुपीत मिलिलिटरमागे जेमतेम १.४ मिलिग्रॅम प्रथिन असते, आपल्याला २० लागते, आणि तिच्यात टिकाऊपणासाठी घातलेले फेनॉल किंवा क्रेसॉल रेणूची ठेवणच बदलते.

द्रावणे आदल्या दिवशी करून ठेवावीत. प्रथिनासाठी सौम्य डायसोडियम फॉस्फेट आणि १० मिलिमोलर ईडीटीए, तर टांगलेल्या थेंबाखाली ठेवायच्या साठ्यासाठी तेच फॉस्फेट ०.२ ते ०.४ मोलरपर्यंत पायरीपायरीने वाढवत न्यावे. दोन्हींचा सामू १० च्या आसपास असावा. ईडीटीए येथे जस्त पकडून ठेवते, त्यामुळे ते विसरले तर घेतलेला निर्णयच फिरतो. बाटलीवरचे लेबल मात्र नीट वाचावे. आमच्या एका तुकडीने ट्रायसोडियमऐवजी डायसोडियम ईडीटीए घातले आणि सामू पुन्हा मोजलाच नाही. तो खाली घसरला, आणि इन्सुलिनचा समविद्युत बिंदू (ज्या सामूला रेणूवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो) ५.४ च्या जवळ असल्याने प्रथिन दुधासारखे गढूळ होऊन बसले. द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावे, २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटच्या कडांना ग्रीस लावावे, कव्हरस्लिप (झाकणाच्या पातळ काचा) पुसून ठेवाव्यात आणि दोन-दोन मायक्रोलिटरचे थेंब उलटे टांगावेत.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना नवखे हमखास फसतात. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाशाला एकाच दिशेत कंप पावू देणाऱ्या गाळण्यांमध्ये) मिठाचे खडे रंगीत उजळतात, म्हणून तेच प्रथिन समजून लूप (स्फटिक उचलायचा बारीक फासा) त्यांच्याकडे वळतो; उलट क्युबिक स्फटिक समदिश (प्रकाशाला सर्व दिशांनी सारखाच) असल्यामुळे काळाच राहतो आणि थेंब रिकामा वाटतो. ध्रुवक बाजूला करून साध्या उजेडात पाहावे, म्हणजे काचेच्या कापलेल्या मण्यासारखे, बारा समभुज पैलूंचे स्फटिक दिसतात. ०.२ मिलिमीटरचा एक पुरे.

हॉजकिन यांचे पहिले छायाचित्र सुकलेल्या स्फटिकाचे होते, ओल्याची मोजमापे १९३९ साली आली. आपला स्फटिक मात्र जवळपास ६५ टक्के द्रावणाने भरलेला असतो, तेव्हा कव्हरस्लिप उचलण्यापूर्वीच साठ्याच्या द्रावणात २५ ते ३० टक्के ग्लिसरॉल मिसळून ते शेजारी ठेवावे, लूप स्फटिकाच्या मापाचा निवडावा, द्रव नायट्रोजन भरून घ्यावा आणि हातमोजे व डोळ्यांचे संरक्षण चढवूनच पुढे व्हावे. ग्लिसरॉल कमी पडले की चित्रात ३.९, ३.७ आणि ३.४ अँगस्ट्रॉमवर बर्फाची वलये उमटतात. तसे दिसल्यास मोजणी रेटू नये, दुसरा स्फटिक उचलावा.

मोजणीच्या दिवशी हाताशी ठेवायचा कागद छोटाच आहे: १०० केल्व्हिनचा थंड प्रवाह, तांब्याच्या नळीची १.५४१८ अँगस्ट्रॉम तरंगलांबी आणि साधारण ७८ ते ७९ अँगस्ट्रॉम बाजूचा युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ घन). यापेक्षा फार निराळी बाजू आली, तर बहुधा मीठच उचलले आहे. त्यावर एक ओळ मात्र ठळक लिहून ठेवावी: आय२१३ आणि आय२३ हे दोन स्पेस ग्रुप गहाळ परावर्तनांवरून (चित्रात न उमटणाऱ्या डागांवरून) वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून संगणकाने सुचवलेला पर्याय डोळे मिटून न स्वीकारता दोन्हींत प्रतिमान बसवून पाहावे; खरा आहे आय२१३. शिवाय दोन स्फटिकांची मोजणी एकत्र करायची असेल, तर एच आणि के (परावर्तनांचे क्रमांक) यांची अदलाबदल दोन्हींत सारखीच धरली आहे ना, हे आधी तपासावे, नाहीतर चांगल्या आकड्यांचा लगदा होतो.

फेज (परावर्तित लहरींची कला, जी चित्रात नोंदली जात नाही) काढण्यासाठी जुने क्युबिक प्रतिमान, म्हणजे प्रथिन-डेटा-बँकेतील ९आयएनएस, उतरवून ठेवावे. हौस असेल तर ते बाजूला ठेवून, तीन डायसल्फाइड बंधांमधल्या सहा गंधक अणूंच्या क्षीण संकेतावर फेज काढता येतात. त्यासाठी तेच परावर्तन पुष्कळ वेळा मोजावे लागते, तेव्हा स्फटिकाला पुरेसा वेळ राखून ठेवावा आणि पहिल्या नकाशात ए-७ ते बी-७ हा बंध शोधावा. उरलेले कोरडे इन्सुलिन वजन करून, कुपी घट्ट बंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये परत ठेवावे आणि झाकणावर तारीख घालावी.