कोकणातल्या गावाची जाहिरात करताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की तालुक्यातालुक्यातल्या पर्यटन संस्थांच्या बैठका सुरू होतात. चहा होतो, भजी होते आणि ठराव होतो की यंदा प्रसिद्धी जोरात करायची. मग तोच फ्लेक्स, तेच ड्रोनचं शूटिंग आणि खाली 'स्वच्छ, सुंदर, निसर्गरम्य'. सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून 1997 साली जाहीर झाला. तेव्हापासून एवढी वर्षं गेली, पण चुका काही बदलल्या नाहीत. फक्त त्या आता कागदाऐवजी मोबाईलवर होतात.

ग्रामपंचायत असो, होमस्टेवाल्यांचा गट असो की तालुक्याची संस्था, कोकणात लोक यायला हवेत यावर सगळ्यांचं एकमत असतं. कधी यायचं, कसं यायचं आणि काय मिळणार नाही, हे सांगायला मात्र कुणी तयार नसतं. निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

जी तारीख आपल्या हातात नाही ती छापणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती करतात सगळ्यात हौशी मंडळी.

कासव महोत्सवच घ्या. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात. कासवमित्र ती उचलून किनाऱ्यावरच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. हा पंधरा दिवसांचा फरक वाळूच्या उबेवर ठरतो, थंडी लांबली की पिल्लंही लांबतात. मुदत भरत आलेल्या घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं असली तर सोडायची, नसली तर टोपली परत ठेवायची.

हे सगळं गावातल्या पोरासोरांना पाठ असतं. तरी एका किनारी गावातल्या मंडळाने पहिलं घरटं सापडल्याबरोबर पन्नास दिवस मोजले, फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार पक्का केला आणि डिसेंबरातच पोस्टर सोडलं. 'पिल्लांचा समुद्रप्रवास याचि देही याचि डोळा' वगैरे. पुण्याहून दोन बस भरून आल्या. त्या वर्षी थंडी हटायचं नाव घेत नव्हती. शनिवारी संध्याकाळी टोपली उचलली तर खाली नुसती वाळू, रविवारी सकाळीही तेच. लोक चिडले, पैसे परत मागू लागले. एक गृहस्थ तर 'जरा उकरून बघा की' म्हणून हटून बसले आणि त्यांना आवरायला कासवमित्रांना घरट्याभोवती उभं राहावं लागलं. मंगळवारी सकाळी पिल्लं आली. बघायला चार गावकरी हजर होते. 'फसवणूक' असा शेरा मात्र त्या गावाच्या नावाखाली गूगलवर अजून आहे.

यावर उपाय म्हणजे तारखेऐवजी मुदत छापायची: 'फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलची सुरुवात, घरट्यांनुसार'. बुकिंगच्या पहिल्याच मेसेजमध्ये ठळक लिहायचं की पिल्लं दिसतीलच असं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी किती घरट्यांची मुदत भरत आली आहे ते व्हॉट्सॲपवर टाकायचं. गुरुवारीच, कारण मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी निघतात. शनिवारी सकाळी टाकलेल्या बातमीचा कुणालाच उपयोग नाही. आणि मुक्काम दोन रात्रींचा सुचवायचा. शुक्रवारी रात्री पोचलेल्याला शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ अशा तीन संधी मिळतात, शनिवारी दुपारी उतरलेल्याला दोनच. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लू हातात घ्यायचं नाही, हेही त्याच मेसेजमध्ये. किनाऱ्यावर पोचल्यावर सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

देवळांच्या जत्रांचंही तेच. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही, देवीचा कौल झाल्यावर तारीख ठरते. तरीसुद्धा 'वार्षिक उत्सव दिनदर्शिका' काढणारे गेल्या वर्षीच्या तारखेत थोडा इकडेतिकडे बदल करून छापून मोकळे होतात. शिमग्याच्या पालखीचं तर गावागणिक वेगळं: कुठल्या वाडीत कधी जाणार ते मानकरी ठरवतात. मानकऱ्यांना विचारल्याशिवाय पालखी पोस्टरवर चढवू नका. तारीख चुकली तर पर्यटक चिडतो, पण न विचारता छापलंत तर गाव चिडतं, आणि गावाशी आपल्याला बारा महिने काढायचे असतात.

फुकटातला क्यूआर कोड

ही दुसरी लाडकी चूक. एका तालुका संस्थेने पाच हजार पत्रकं छापली, रेल्वे स्टेशनपासून मिसळीच्या हॉटेलांपर्यंत वाटली. पत्रकावर मोठा क्यूआर कोड होता, तो कुणाच्या तरी पुतण्याने 'दोन मिनिटांत' बनवून दिलेला. फुकट वेबसाइटवरून 'डायनॅमिक' कोड केला होता आणि त्याची फुकटाची मुदत पंधरा दिवसांत संपली. त्यानंतर ज्याने कोड स्कॅन केला त्याला त्या कंपनीची 'प्लॅन विकत घ्या' ही पाटी दिसली. पत्रकं काही परत गोळा होत नाहीत.

डायनॅमिक कोड आधी मधल्या कंपनीच्या पत्त्यावर जातो, मग तुमच्या पानावर. मधला दुवा तुटला की खेळ खलास. त्यामुळे साधा, म्हणजे स्टॅटिक कोड करायचा आणि तो संस्थेच्या स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावर न्यायचा. पान पुढे कितीही बदललं तरी पत्ता तोच राहतो. डोमेन संस्थेच्या नावावर घ्यायचं आणि एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून टाकायचे. पत्ता जितका छोटा तितके कोडातले चौकोन मोठे, आणि मोबाईल तो पटकन वाचतो.

आकाराचा ठोकताळा असा की जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या एक दशांश. हातातल्या पत्रकावर अडीच सेंटिमीटर पुरे, पण दोन मीटरवरून वाचायच्या बोर्डावर वीस सेंटिमीटर हवा. चारही बाजूंनी चार चौकोनांइतकी पांढरी जागा सोडायची. डिझायनर तिथे हमखास नारळाचं झाड घुसवतो. कोड बनवताना चूक सुधारण्याची पातळी 'एच' निवडली तर साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत, उन्हात, शेवाळात तो खराब होणारच. चकचकीत लॅमिनेशन नको, दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. कोडाखाली फोन नंबर छापाच, कारण सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, रेंज असेलच असं नाही.

नंबरही माणसाचा नको, संस्थेचा. संस्थेच्या नावाचं सिम घ्यायचं आणि फोन आठवड्याआठवड्याने हातोहात फिरवायचा. गूगलवरच्या नोंदीचे, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पानांचे किमान दोन मालक असावेत, सचिव आणि खजिनदार. पासवर्ड फक्त पुतण्याकडे, आणि पुतण्या नोकरीला बंगळुरूला, हा प्रकार इतक्या संस्थांत आहे की आता त्यावर हसूसुद्धा येत नाही.

समुद्र बंद असताना बोट विकणं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड जलपर्यटन बंद ठेवतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, तारकर्लीचं स्कूबा बंद, ताजी सुरमई-पापलेट जवळजवळ बंद. आणि नेमक्या याच दिवसांत 'पावसाळी ऑफर' म्हणून स्कूबाचं रील पैसे देऊन जास्त लोकांना दाखवलं जातं. फोन येतात, 'स्कूबा किती?' उत्तर जातं, 'बंद आहे हो.' समोरचा म्हणतो, 'मग दाखवता कशाला?' बरोबरच आहे त्याचं.

पावसाळ्यात विकायला दुसरं भरपूर आहे. आंबोली, सवतसडा, मार्लेश्वरचा धबधबा. जून-जुलैतली भातलावणी, टाकळ्याची भाजी, कुर्ल्या, खाडीचे मासे, सुक्या बांगड्याची किसमूर, कुळथाची पिठी. फक्त त्यासाठी फोटोही पावसाळ्यातलेच काढावे लागतात, आणि छत्री घेऊन उभं राहायचा कंटाळा सगळ्यांना. फोटोखाली महिना लिहायची सवय लावा. सप्टेंबरच्या हिरव्यागार सड्याचा फोटो बघून मेमध्ये आलेला माणूस पिवळं गवत आणि तापलेला कातळ बघतो आणि समजतो की आपल्याला चुकीच्या गावात आणलं. पावसात समुद्रात उतरू नका ही ओळ पोस्टरच्या पुढच्या बाजूला आणि मोठ्या अक्षरात हवी. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर तर ती बाराही महिने हवी.

गणपतीत होमस्टेची जाहिरात करणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. घरचीच माणसं ओटीवर झोपलेली असतात, पाहुण्याला ठेवणार कुठे?

आधी रील, मग संडास

रीलवाल्याला फुकट राहायला-जेवायला दिलं, त्याने 'गोव्याला विसराल' असं म्हणत गावाचं लोकेशन टाकलं आणि रविवारी तीन बस आल्या. हिशेब करून बघा. तीन बसची दीडशे माणसं, किनाऱ्यावर दोन संडास, माणशी चार मिनिटं. दीडशे गुणिले चार भागिले दोन म्हणजे तीनशे मिनिटं, पाच तास. पाच तास कुणी थांबत नाही, लोक केवड्याच्या बनात जातात. पुढचं सांगायला नको. बस वळायला जागा नसते ती वेगळीच. पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी अडकलेली बस मागे घ्यायला अख्खी वाडी लागते.

लोकेशन टाकायच्या आधी गाड्या किती मावतात, मोठी बस कुठे वळते, पाणी कोण भरतं, सोमवारी कचरा कोण उचलतं, एवढं एका कागदावर लिहा. एकाही प्रश्नापुढे 'बघू' असं उत्तर आलं तर रील नको. उतावळ्या नवशिक्यांना हे पटत नाही. त्यांना व्ह्यूज हवे असतात, कचरा दुसऱ्याने उचलायचा असतो.

कातळशिल्पांच्या, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी ही नावं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण जागा उघड्या सड्यावर आणि बऱ्याचदा खाजगी मालकीची. मॅपवर पिन टाकली की लोक बूट घालून चित्रावर चढतात, फोटोत उठून दिसावं म्हणून रेघांत खडू भरतात. आधी जागामालकाची संमती, मग चिऱ्यांचा गडगा (बुटकं कुंपण), मग गावातलाच एखादा वाटाड्या, आणि त्यानंतर पिन. वेळही सांगा: सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, तिरप्या उन्हात. भर दुपारी गेलेल्याला सपाट दगड दिसतो आणि तो शिव्या देत परततो.

अंतर किलोमीटरमध्ये सांगणं

'अलिबाग ते वेंगुर्ला, 3 दिवस 2 रात्री' असली पत्रकं काढणारा माणूस सागरी मार्गाने कधी गेलेला नसतो. या रस्त्यावर तासाला तीस किलोमीटर धरा, त्याहून जास्त धरू नका. किलोमीटरऐवजी वेळ छापा, आणि फेरीबोट हमखास छापा. दाभोळ-धोपावे फेरी धरली तर दाभोळहून गुहागर जवळ येतं, चुकली तर चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी यांचंही तसंच. शेवटच्या फेरीची वेळ दर हंगामात फोन करून तपासा, मागच्या वर्षीची उचलू नका. पावसाळ्यात वरंध घाट सुरू आहे की बंद, तेही मॅपवर सोपवू नका.

स्टेशनचं नाव अर्ध्या पत्रकांत नसतंच. मालवणला कुडाळ, दापोलीला खेड, गुहागरला चिपळूण, दिवेआगर-श्रीवर्धनला माणगाव, एवढं लिहिलं तरी निम्मे फोन वाचतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, त्यामुळे त्या महिन्यांतल्या वेळा वेगळ्या द्या.

उरलेल्या चुका

'कोकणातलं मालदीव', 'मिनी केरळ' असली नावं बंद करा. 'कोकणाचा कॅलिफोर्निया' ऐकून एक पिढी म्हातारी झाली.

डिसेंबरच्या पोस्टरवर हापूसची पेटी नको. आंबा खऱ्या अर्थाने मार्चअखेरीपासून मेपर्यंत.

जागतिक वारसा 2025 साली बारा किल्ल्यांना मिळून मिळाला. त्यांत कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. जवळचा म्हणून जयगड त्या यादीत ढकलू नका.

बऱ्याच किनाऱ्यांची वाळू करडी-काळसर आहे. फोटोत ती पांढरी करू नका.

फ्लेक्स एका पावसात फाटतो आणि त्याच्या चिंध्या सुरूच्या झाडांत वर्षभर लोंबतात. कायमचा बोर्ड करायचा असेल तर गॅल्व्हनाइज्ड फ्रेम घ्या, साधं लोखंड दोन वर्षांत गंजून जातं.

नाताळची जाहिरात 15 डिसेंबरला करू नका. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 25 डिसेंबरच्या गाडीचं 26 ऑक्टोबरला. पोस्टर त्याच्या आधी आठवडाभर लोकांच्या फोनमध्ये हवं. नंतर आलेला पर्यटक स्वतःची गाडी घेऊनच येतो, आणि ती लावायला तुमच्या गावात जागा नसते.