आरंभीचे ब्लूग्रास कसे ऐकावे

ब्लूग्रास हे बॅन्जो, मॅन्डोलिन, गिटार अशा तंतुवाद्यांवर वाजणारे अमेरिकी ग्रामीण संगीत. ते प्रथमच ऐकणाऱ्याला सगळी गाणी एकाच साच्यातली वाटतात: बॅन्जो भरधाव सुटलेला, कोणीतरी टिपेला गात असलेला आणि तीन मिनिटांच्या आत सारे आटोपलेले. अशा वेळी दोनशे गाण्यांचा संग्रह लावून बसण्यापेक्षा १९४५ ते १९५४ या काळातील पाच-सहा ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकावीत. मात्र एक पथ्य पाळावे. प्रत्येक गाण्याच्या प्रकाशनाचे नव्हे, तर ध्वनिमुद्रणाचे साल पाहावे, कारण या कलावंतांनी आपलीच गाणी पुढे पुन्हा ध्वनिमुद्रित केली आहेत आणि संग्रहांच्या वेष्टनांवर ती सर्रास मिसळलेली आढळतात.

आरंभ ‘केंटकी वॉल्ट्झ’पासून करावा. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील रोझिन गावचे मॅन्डोलिनवादक बिल मन्रो यांनी आपल्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदासह ते फेब्रुवारी १९४५ मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रित केले. त्यात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर यांचे अ‍ॅकॉर्डियन आहे, हे ऐकून आजच्या कर्मठ ब्लूग्रासप्रेमींच्या भुवया उंचावतील. लगेच त्यापुढे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’चे सप्टेंबर १९४६ मधील ध्वनिमुद्रण लावावे. शहर तेच, कोलंबिया ही ध्वनिमुद्रण कंपनी तीच, वॉल्ट्झचा तीन मात्रांचा संथ ठेकाही तोच. पण अ‍ॅकॉर्डियन गेले आहे, आणि लेस्टर फ्लॅट यांची गिटार, अर्ल स्क्रग्ज यांचा बॅन्जो, चबी वाइज यांचे फिडल (व्हायोलिन) व हॉवर्ड वॉट्स यांचा डबल बास मन्रोंच्या सोबतीला आहेत. पुढच्या पिढ्यांनी प्रमाण मानलेला संच तो हाच.

स्क्रग्ज नेमके काय करतात हे कळण्यासाठी १९४७ मधील ‘ब्लू ग्रास ब्रेकडाउन’ ऐकावे. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत नख्या चढवून ते अखंड सूर सोडतात. टाळी देत ऐकल्यास आठ सुरांचा गट बरेचदा तीन-तीन-दोन असा मोडतो, म्हणून वजन टाळीवर न पडता तिच्या आगेमागे पडत राहते, आणि आपल्याला जी गती वाटते तिचा मोठा भाग याच लपंडावातून येतो. बॅन्जोची पाचवी तार आखूड असून तिची खुंटी दांडीच्या मध्यावर असते. अंगठ्याने छेडलेला तिचा उंच सूर सतारीच्या चिकारीसारखा मधून मधून चमकतो. दुसऱ्यांदा ऐकताना बॅन्जो सोडून मॅन्डोलिनकडे कान द्यावा. मन्रो तारा छेडताच डाव्या हाताची बोटे सैल सोडतात, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधोमध कोरडा ‘चक्’ उमटतो. या वाद्यवृंदात ढोल नाही. त्याचे काम हा ‘चक्’ आणि बास मिळून करतात.

फ्लॅट आणि स्क्रग्ज १९४८ मध्ये मन्रोंपासून वेगळे झाले, आणि डिसेंबर १९४९ मध्ये त्यांनी सिनसिनाटीत ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ ध्वनिमुद्रित केले. आधीच्या धुनीशी त्याचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. फरक दुसऱ्या कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाला, पडतो: बॅन्जो ई मायनरला (कोमल गंधाराच्या कॉर्डला) उतरतो, आणि गिटारवर फ्लॅट खुशाल ई मेजर (शुद्ध गंधाराची कॉर्ड) धरून बसतात. नियमाने हे विजोड आहे. तरीही ती खरखर काढून टाकली तर धून मिळमिळीत होईल, असे माझे मत आहे.

हा एका वाद्यवृंदाचा बाज न राहता शैली कधी झाली, हे ‘मॉली अँड टेनब्रुक्स’ या घोड्यांच्या शर्यतीच्या गाण्यातून ऐकू येते. मन्रोंनी ते १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केले, परंतु त्याची तबकडी १९४९ पर्यंत बाजारात आली नाही. मधल्या काळात, १९४८ मध्ये, व्हर्जिनियाच्या कार्टर व राल्फ स्टॅन्ली या बंधूंनी रिच-आर-टोन या छोट्या कंपनीसाठी तेच गाणे त्याच थाटात गाऊन प्रसिद्ध केले. मन्रो या अनुकरणावर चिडले, आणि कोलंबियाने स्टॅन्ली बंधूंना करारबद्ध केल्यावर मन्रो स्वतः डेक्का कंपनीकडे गेले.

शेवटी पुन्हा ‘ब्लू मून ऑफ केंटकी’कडे यावे. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांनी मेम्फिस येथे ते चार मात्रांत, उडत्या चालीत गायले. त्यानंतर सप्टेंबरमध्ये मन्रोंनी ते डेक्कासाठी नव्याने ध्वनिमुद्रित केले. प्रारंभी तोच जुना वॉल्ट्झ चालतो, आणि मग ठेका एकाएकी बदलून सारा संच चार मात्रांत धावू लागतो. तो सांधा सापडेपर्यंत ध्वनिमुद्रण दोन-तीनदा मागे घेऊन ऐकावे.