बटणाच्या फोनला नेटचा पॅक कशाला?

२०२४ च्या जुलैत रिचार्ज महागले आणि यावल-रावेरकडच्या खेड्यांत आजीच्या बटणाच्या फोनलाही रोज दीड जीबीचा पॅक मारला जाऊ लागला. ते नेट वापरतंय कोण? त्यात २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला, की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे, नेट नसलेले पॅकही द्यायलाच हवेत. असा पॅक ३६५ दिवसांपर्यंतचा असू शकतो. पण कंपनीच्या ॲपमध्ये तो पार तळाशी असतो, आणि दुकानदार आपणहून सांगेल ही आशा सोडा. 'नेट नको, नुसता कॉलिंगचा जास्त दिवसांचा पॅक दाखव भाऊ,' असं स्पष्ट म्हणा. मग किंमत भागिले दिवस करा, रोजचा खर्च कळेल. पॅकमधली एसएमएसची संख्या पाठवायच्या मेसेजची असते; बँकेचा ओटीपी त्यात मोजला जात नाही. आजी स्मार्टफोन वापरत असेल तर मात्र मोबाइल डेटा आधी बंद करा.

असा पॅक नाहीच म्हणाले, तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून तक्रारीचा नंबर लिहून घ्या.