प्रेसिंग वर, बचाव खाली: मग मधलं मैदान कोणाचं?

फुटबॉल मॅनेजर या व्हिडिओ गेममध्ये सलग गोल खायला लागलात की खेळाडू विकायच्या आधी टॅक्टिक्सचा स्क्रीन उघडा. बहुतेक वेळा आपल्याच दोन सूचना एकमेकींच्या पायात पाय घालत असतात.

नेहमीची चूक म्हणजे पुढच्यांना जोरात प्रेस करायला, म्हणजे बॉल असलेल्यावर धावून जायला लावायचं आणि डिफेन्सिव्ह लाइन (बचावपटूंची रांग) मात्र भीतीपोटी खाली ठेवायची. स्ट्रायकर समोरच्या सेंटर बॅकवर (मधल्या बचावपटूवर) धावून जातो, आपले सेंटर बॅक स्वतःच्या बॉक्सपाशी उभे. मधल्या रिकाम्या पट्ट्यात समोरच्या संघाचा प्लेमेकर (चाली रचणारा खेळाडू) निवांत वळून पास देतो. लाइन वर घ्या, नाहीतर प्रेसिंग कमी करा. सेंटर बॅक संथ असतील तर मी प्रेसिंगच कमी करतो.

गोलकीपरचंही तसंच. संघाला मागून बांधत, म्हणजे बचावातून छोटे पास देत खेळा म्हणायचं आणि त्याला लांब किक मारायला सांगायचं! विंगर (कडेचा आक्रमक) आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) दोघंही कडेच्या रेषेला चिकटले असतील, तर एकाला आत वळणारा रोल द्या.

बदल एकावेळी एकच करा, आणि हायलाइट्स ‘एक्स्टेंडेड’वर ठेवून बघा, भोक कुठे पडतंय ते दिसतं.