लाइटरूम प्रिसेट विकायला काढताय? या चुका टाळा

प्रिसेट म्हणजे अडोबीच्या लाइटरूम या फोटो-एडिटिंग ॲपमध्ये साठवलेला सेटिंग्जचा संच, एका टिचकीत दुसऱ्या फोटोवर लावता येणारा. आपल्याच एका सुंदर फोटोवर एडिट जमलं, सेव्ह केलं आणि त्याच रात्री विक्रीला ठेवलं, असे प्रिसेट बाजारात ढिगाने आहेत. विकत घेणाऱ्याच्या फोटोवर लावले की चेहरे केशरी होतात.

पहिली चूक इथेच, प्रिसेट बनवताना. नवीन प्रिसेटच्या खिडकीत कोणत्या सेटिंग्ज साठवायच्या त्याच्या चौकटी असतात, आणि लोक नको त्या चौकटींवरची टिकही तशीच सोडतात. समजा, मूळ फोटो दुपारच्या उन्हातला आहे, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, केल्विनमध्ये मोजतात) ५५०० केल्विन. तोही प्रिसेटमध्ये गेला. घेणाऱ्याने तो पिवळ्या बल्बच्या हॉलमधल्या हळदीच्या फोटोवर लावला. तिथला प्रकाश असतो ३००० केल्विनच्या आसपास. त्यावर ५५०० बसला की आधीच पिवळी असलेली नवरी भगवी दिसते. जेपेगवर, म्हणजे मोबाइलच्या साध्या फोटोवर, तर केल्विन चालतच नाही, तिथे स्लायडर उणे १०० ते अधिक १०० असा असतो, म्हणजे त्याच प्रिसेटचा परिणाम आणखी वेगळा. एक्सपोजरचंही, म्हणजे फोटोच्या उजळपणाचंही तेच. तुमचा फोटो काळवंडलेला होता म्हणून तुम्ही ०.८५ वाढवलं, आता त्याच्या फोटोतली पांढरी शेरवानी पार धुऊन निघते.

म्हणून व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, लेन्स करेक्शन (भिंगाचे दोष काढणं) आणि ट्रान्सफॉर्म (तिरक्या रेषा सरळ करणं) यांच्यासमोरची टिक काढा. उबदारपणा हवाच असेल तर तो कलर ग्रेडिंगमधून किंवा टोन कर्व्हमधली निळी रेषा किंचित खाली ओढून आणा. प्रोफाइल, म्हणजे रंगांचा मूळ आधार, एकाच कंपनीच्या कॅमेऱ्याचं नको, अडोबी कलर ठेवा. मग किमान वीस परक्या फोटोंवर लावून बघा: भर ऊन, पावसाळी ढग, एलईडीची रोषणाई, सावळे आणि गोरे चेहरे, दोन कंपन्यांचे कॅमेरे, शिवाय मोबाइलचे जेपेग. याला दोन संध्याकाळ जातात. तेवढा धीर नसेल तर लोकांचे पैसे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मोबाइलवाल्यांसाठी प्रिसेट डीएनजी फाइलमधून देण्याची पद्धत आहे: फाइल ॲपमध्ये घ्यायची, तीन टिंबांवरून प्रिसेट तयार करायचा. पण डीएनजी हा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून जसाच्या तसा आलेल्या फोटोचा फाइल-प्रकार, त्यात अख्खा मूळ फोटो असतो. त्यात क्लायंटच्या लग्नातला फोटो घातलात तर नवरीचा रॉ फोटो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात गेला. आणि तो फोटो तुमचा आहे असं धरून चालू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तोच असतो, वेगळा करार नसेल तर. फोटोच्या मालकीबद्दल तुमच्या करारात काही लिहिलंय का, ते आज उघडून बघा. डीएनजीसाठी चेहरा नसलेला, स्वतःसाठी काढलेला फोटो घ्या, भिंतीचा चालेल. मेटाडेटामधलं (फाइलमध्ये दडलेल्या माहितीतलं) जीपीएस आधी पुसा. एक्सपोर्ट करताना लॉसी कॉम्प्रेशन (फाइल लहान करणारा पर्याय) निवडा, नाहीतर दहा प्रिसेटसाठी गिऱ्हाइकाचा डेटा अडीचशे एमबी खातो.

संगणकावरच्या लाइटरूमसाठी प्रिसेट जुन्या एलआरटेम्प्लेट प्रकारच्या फाइलींत देऊ नका. २०१८ पासून एक्सएमपी हा प्रकार चालतो.

एका पॅकमध्ये पन्नास प्रिसेट म्हणजे पाच प्रिसेट आणि पंचेचाळीस नकला. सहा-आठ पुरेत.

‘मूडी ७’ असलं नाव ठेवू नका. ‘पावसाळी हिरवळ’, ‘हॉलमधली पिवळी लाइट’ म्हटलं की कुठे लावायचं ते लगेच कळतं.

झिप फाइल मोबाइलवर उघडता न येणारे खूप आहेत. डीएनजी सुटे द्या आणि सोबत एका पानाची मराठी पीडीएफ, पायरीगणिक स्क्रीनशॉटसह.

आधी-नंतरच्या जाहिरातीत ‘नंतर’च्या फोटोत त्वचा गुळगुळीत करून, आकाश बदलून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे. ‘नंतर’मध्ये फक्त प्रिसेट असावा. एक्सपोजर हाताने हलवलं असेल तर किती हलवलं, ते फोटोखाली लिहा.