उन्हाळ्यात जुन्या कॅम्परचं इंजिन किती तापलं तर चालतं, आणि ते तपासायचं कसं

नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की जुनी मॅटाडोर किंवा पहिल्या पिढीची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो: काटा अर्ध्याच्या वर गेलाय, चालेल ना? गंमत म्हणजे ‘अर्धं’ म्हणजे किती अंश, हे विचारणाऱ्यालाही माहीत नसतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. त्यामुळे आधी आकडे, मग काटा, मग काळजी.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, किती अंशाला उघडतो ते त्याच्यावरच कोरलेलं असतं. जुन्या डिझेल इंजिनात तो बहुधा ८० ते ८८ च्या दरम्यान उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश घेतो. म्हणून सपाट रस्त्यावर ८० ते ९५ हे नेहमीचं. मे महिन्यात भर दुपारी, भरलेली गाडी घेऊन शहापूरकडून कसाऱ्याचा घाट चढताना ९५ ते १०५ झालं तरी बिघाड समजू नका. १०५ ओलांडलं की पाय हलका करा, ११० ला गाडी बाजूला घ्या.

‘शंभरला पाणी उकळतं’ हे शाळेतलं ज्ञान इथे लागू पडत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवरच्या नाशकात उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. पण रेडिएटरच्या कॅपने १ बार (साधारण हवेच्या दाबाइतका) जादा दाब धरला तर साधं पाणीसुद्धा १२० पर्यंत तग धरतं, आणि निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण असेल तर मर्यादा १३० च्या जवळ जाते. हे सगळं कॅप धड असेल तरच. तिचं रबर कडक झालं असेल तर बदला. नव्या कॅपवर दाबाचा आकडा जुन्या मूळ कॅपवरचाच हवा.

रेडिएटरची जाळी आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा. बेल्ट आणि होज (रबरी नळ्या) बघा. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार बसतात. झालं.

आता काटा. मला सगळ्यात जास्त दमवलं ते यानेच, आणि गॅरेजमधले सल्ले इथेच सगळ्यात बेजबाबदार असतात. गाडी तापते म्हटलं की लगेच रेडिएटर काढायला घेतात, गेज खोटं बोलतंय का हे कुणी बघत नाही. पहिली खूण फुकट मिळते: इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा. काटा जागचा हलला तर डॅशबोर्डचं अर्थिंग खराब आहे. डिझेलचा काटा आणि तापमानाचा काटा जोडीने चढत-उतरत असतील तर गेजना ठरावीक व्होल्टेज पुरवणारा स्टॅबिलायझर गेलाय. दोन्हीत इंजिनाचा काही दोष नाही.

मग इंजिनातल्या पाण्याचं तापमान गेजला कळवणारा सेन्सर बाहेर काढा. इंजिन थंडगार असताना, थोडं कूलंट एका डब्यात उतरवून. सेन्सरची वायर जोडलेलीच ठेवा आणि त्याच्या पितळी अंगाला दुसरी वायर गुंडाळून ती बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. ही वायर विसरलात तर काटा हलणारच नाही आणि तुम्ही चांगला सेन्सर फेकून द्याल. बॅटरी चार्जरवर लावा, कारण इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्ट असतात आणि चालू असताना चौदाच्या आसपास. काही जुनी गेज तेवढ्या फरकानेही वेगळं दाखवतात. शेगडी गाडीबाहेर मांडा. पातेल्यात पाणी घेऊन सेन्सरचं फक्त टोक बुडवा, वर वायरची जोडणी कोरडी राहिली पाहिजे. थर्मामीटर सेन्सरच्या शेजारी, तळाला न टेकवता. चावी ऑन करा, आच मंद ठेवा.

७०, ८०, ९०, ९५ ला थांबून काटा स्थिर होऊ द्या आणि गेजच्या काचेवर बारीक पांढरी टेप लावून खूण करा. घाई केलीत तर सगळ्या खुणा खाली येतात, कारण काटा पाण्याच्या मागे राहतो. पाणी ९८ च्या पुढे जाणार नाही, पण आपल्याला तर १०५ आणि ११० हवेत. त्यासाठी खाण्याचं तेल घ्या, पण पातेलं आणि सेन्सर दोन्ही पूर्ण कोरडे करून. पाण्याचा थेंब गरम तेलात गेला की ते अंगावर उडतं. मुलांना लांब ठेवा.

सेन्सर परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. गळती थांबते हे खरं, पण अर्थिंगही तुटतं आणि काटा कायम थंड दाखवतो. तापलेली गाडी थंड दिसणं हे थंड गाडी तापलेली दिसण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. वायरऐवजी बारीक तांब्याच्या नळीवर चालणारं गेज असेल, तर नळी जोडलेलीच ठेवून सेन्सरचं टोक बुडवा. नळी मुडपू नका, ती दुरुस्त होत नाही.

इन्फ्रारेड गनने पडताळा घ्यायचा तर थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या रंगाचा ठिपका मारून त्यावर धरा. चकचकीत धातूवर ती भलतंच कमी दाखवते. शिवाय ती धातूचा पृष्ठभाग मोजते, आतलं पाणी त्याहून थोडं गरमच असतं.

एक सल्ला तुम्हाला नाशकात पाथर्डी फाट्यापासून द्वारका चौकापर्यंत कुठेही मिळेल: ‘उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका.’ अजिबात ऐकू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते. तो काढला की पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात जातो, म्हणजे घाटात गाडी उलट जास्त तापते. आणि थंडीत ती ६० च्या वर जात नाही, धूर सोडते, डिझेल पिते.

घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवू नका. एक गिअर खाली आणा म्हणजे पंप आणि फॅन दोन्ही वेगाने फिरतील. एसी बंद, हीटर पूर्ण चालू (तो इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो), खिडक्या उघड्या. सोबतचे शिव्या घालतील, घालू द्या. टाकीत शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते घाट चढल्यावर इगतपुरीत किंवा घोटीत भरा.

११० ला थांबलात आणि वाफ किंवा गळती नसेल, तर लगेच चावी फिरवू नका. आयडलपेक्षा थोड्या वरच्या आरपीएमवर काटा ९५ च्या खुणेपर्यंत उतरू द्या, मग बंद करा. बंद केल्यावर पुन्हा चावी ऑन करून पाहिलंत तर काटा काही मिनिटं वर चढलेला दिसेल; फिरणं थांबलेल्या पाण्यात इंजिनाची उष्णता उतरत असते, घाबरू नका. कूलंट वाहून गेलं असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद. कॅपला हात लावायचा तो वरचा होज हाताने दाबता येईल इतका गार झाल्यावरच, आणि तेव्हाही जाड फडकं ठेवून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून, फुसफुस थांबेपर्यंत.