शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला तर बचाव कसा करावा

वाढदिवसाला तलवारीने केक कापला आणि त्याचा व्हिडिओ फिरला. गाडीच्या डिकीत कोयता सापडला. शिकारीचा परवाना असलेल्या आजोबांच्या जुन्या बॅगेत एक जिवंत काडतूस राहून गेले आणि नातवाच्या प्रवासात विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसले. पोलीस ठाण्यात या तिन्हींना 'आर्म अ‍ॅक्टची केस' म्हणतात. कायद्यात मात्र तलवार-कोयत्याची शिक्षा वेगळी, काडतुसाची वेगळी, आणि तिन्हींचा पुरावा व बचावही वेगळा. त्यामुळे धावपळ सुरू करण्याआधी एफआयआरची प्रत मिळवा आणि तिच्यात कोणती कलमे लावली आहेत ते पाहा. संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. पोलीस ठाण्याचे नाव आणि तारीख माहीत असली की ती शोधता येते.

कलम काय सांगते

महाराष्ट्रात साधारण तीन जोड्या दिसतात. पिस्तूल, गावठी कट्टा किंवा काडतूस विनापरवाना सापडले तर शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ३ सह २५ लागते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर यात किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कैद आहे. तलवार, कोयता, सुरा यांसाठी कलम ४ सह २५ लावतात. शिक्षा १ ते ३ वर्षे. सोबत बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१) सह १३५ असते, म्हणजे पोलीस आयुक्तांनी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेल्या मनाई आदेशाचा भंग. त्याची शिक्षा ४ महिने ते १ वर्ष, आणि कारणे लिहून न्यायालय ती ४ महिन्यांच्या खालीही आणू शकते. स्वयंचलित बंदुकीसारखे प्रतिबंधित शस्त्र असेल तर मामला एकदम ७ ते १४ वर्षांवर जातो. तिथे पहिल्या दिवसापासून फौजदारीतला अनुभवी वकील हवाच.

शस्त्र अधिनियमाचे गुन्हे अजामीनपात्र आहेत हे ऐकून घरचे खचतात. अजामीनपात्र याचा अर्थ एवढाच की जामीन ठाण्यात हक्काने मिळत नाही, तो न्यायालयाकडे मागावा लागतो.

पहिले चोवीस तास

या वेळात तीन गोष्टी सांभाळा. पहिली, अटकेची कारणे. ती लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. लगेच देता आली नाहीत तरी रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. कागद मिळाला नसेल तर वकिलाने ते त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर लेखी मांडावे; महिन्याभराने उठवलेल्या हरकतीला फारसे वजन राहत नाही. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची होती हेही पोलिसांना दाखवावे लागते. गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस पुरते. अशी नोटीस आली तर दिलेल्या तारखेला जा, आणि गेल्याची पोच घ्या. नोटीस टाळणे हेच पुढे अटकेचे कारण बनते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. नाव, पत्ता, ओळखपत्र द्या. हत्यार कोणाचे, कुठून आणले, यावर वकिलाशी बोलल्याशिवाय काही सांगू नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही हे खरे, पण त्याला एक मोठी पळवाट आहे: 'मी दाखवतो' म्हणून नेले आणि वस्तू निघाली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. सही करावीच लागली तर शेजारी तारीख आणि वेळ घाला.

तिसरी गोष्ट वकील. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते, हेल्पलाइन १५१००.

फुटेज आधी, बाकी नंतर

दुकाने आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही रेकॉर्डिंग काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. झडती रस्त्यात झाली की घरात, किती वाजता, कोण हजर होते, हे सांगणारा सर्वांत निष्पक्ष साक्षीदार तोच असतो. म्हणून जामिनाची वाट न पाहता घरच्यांनी आसपासच्या कॅमेऱ्यांची यादी करावी आणि वकिलामार्फत फुटेज जपून ठेवण्याचे लेखी पत्र द्यावे. पोलीस ठाण्यातले फुटेज, आरोपीच्या आणि पंचांच्या मोबाइलचे कॉल तपशील व टॉवर लोकेशन जतन करण्याचा अर्ज न्यायालयात संहितेच्या कलम ९४ खाली करता येतो. पंच घटनास्थळी नव्हतेच, असा तुमचा दावा असेल तर टॉवर लोकेशनइतका ठोस कागद दुसरा नाही. एक मात्र पक्के लक्षात ठेवा: स्वतःच्या फोनमधले व्हिडिओ, फोटो, चॅट पुसू नका. पुसलेले प्रयोगशाळेत परत निघते, आणि पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा अंगावर येतो.

जामीन

अर्जात गुन्हा खोटा असल्याची लांबण लावण्यापेक्षा चार मुद्दे कामाला येतात: हत्यार आधीच जप्त आहे, म्हणून कोठडीत आणखी काही मिळवायचे नाही, हत्याराचा प्रत्यक्ष वापर झालेला नाही, आरोपीचा कायमचा पत्ता आणि कामधंदा आहे, मागे गुन्हे नाहीत. मागे गुन्हे असतील तर लपवू नका. सरकारी वकिलाच्या हातात यादी असते आणि लपवलेले उघडे पडले की पुढच्या प्रत्येक शब्दावर शंका येते. सुटलेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणांचे निकालपत्र जोडा.

या कलमांत पोलिसांना ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल करावे लागते. ६१ व्या दिवशी ते आलेले नसेल तर जामीन हक्काचा होतो, पण मागितला तरच. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज गेला नाही तर हक्क गेला. रिमांडच्या पहिल्या तारखेपासून दिवस मोजून वकिलाला स्वतः आठवण करा. वकिलांच्या टेबलावर तुमची एकच फाइल नसते. सहआरोपीने 'कट्टा याने दिला' म्हणून नाव घेतले असेल आणि तुमच्याकडून काही जप्त झाले नसेल, तर अटकपूर्व जामिनाला चांगली जागा असते.

पंचनामा ओळीनुसार वाचणे

खटल्याचा निकाल बहुतेक वेळा इथे ठरतो. दोषारोपपत्राच्या प्रती फुकट मिळतात. जप्ती पंचनामा, फिर्याद, स्टेशन डायरीचा उतारा, मुद्देमाल नोंदवहीचा उतारा आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकाशेजारी एक ठेवा, आणि वेळांचा एक तक्ता करा.

पंचनामा एफआयआरच्या आधी झाला म्हणतात, मग एफआयआर नोंदवल्यावरच मिळणारा गुन्हा रजिस्टर क्रमांक त्यावर त्याच शाईत आणि त्याच ओळीत कसा आला? हा प्रश्न जुना आहे, तरी अजून खटले पाडतो. 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली' असे लिहिले असेल तर ठाण्यातून निघताना डायरीत नोंद आहे का पाहा. पंच स्थानिक आहेत का, की ठाण्याच्या दारात नेहमी उभी असणारी माणसे? हत्याराचे वर्णन मोजमापासह आहे का: पात्याची लांबी, रुंदी, मुठीसह लांबी, कट्ट्यावरचे खुणेचे आकडे, काडतुसाच्या बुडावरची अक्षरे? तिथे लाखेचे सील केले का, आणि सीलचा ठसा पंचनाम्यावर घेतला का? न्यायालयात उघडलेल्या पाकिटातली वस्तू त्या वर्णनाशी जुळते का? पाते पंचनाम्यात ३१ सेंटिमीटर आणि कोर्टात २७ निघाले तर ती वस्तूच वेगळी, असे म्हणायला जागा मिळते.

मुद्देमाल प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुठे होता, कोणी नेला, नेणाऱ्या शिपायाची साक्ष झाली का, ही साखळीही तपासा. जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक आहे. चित्रण नाही, की आहे पण सील करतानाचा भाग नाही, हे उलटतपासणीत विचारायलाच हवे. त्याच्या अभावाने खटला आपोआप कोसळतो असे समजू नका. बाकीच्या त्रुटींसोबत मात्र त्याचे वजन पडते. तीच गोष्ट 'फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच' या आक्षेपाची. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तेवढ्याने आरोपी सुटत नाही असे ठरवले आहे. या एका मुद्द्यावर भिस्त ठेवणाऱ्या वकिलाला दुसरे काय आहे ते विचारा.

प्रयोगशाळेच्या अहवालात कट्टा चालण्याच्या स्थितीत आहे का, काडतूस जिवंत आहे का, हे लिहिलेले असते. अहवालच नसेल तर ती वस्तू कायद्याच्या व्याख्येतले अग्निशस्त्र आहे हे सिद्ध करणे अभियोगाला जड जाते.

मंजुरी आणि मनाई आदेश

कलम ३ च्या खटल्याला कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांची, पूर्वमंजुरी लागते. मंजुरीची तारीख पाहा. प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीच मंजुरी दिली असेल तर अधिकाऱ्याने नेमके काय वाचून ती दिली, हा रास्त प्रश्न आहे. ही मंजुरी कलम ४ च्या तलवार-कोयत्याच्या खटल्याला लागत नाही. तिथे हा मुद्दा काढून वेळ घालवू नये.

तिथले दुखणे निराळे. कलम ४ फक्त त्या भागात चालते जिथे केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली आहे. ती अधिसूचना रेकॉर्डवर आणली आहे का? शिवाय निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू 'शस्त्र' नाही, असे व्याख्येतच आहे, आणि नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. ऊसतोड कामगाराच्या ट्रॅक्टरमध्ये कोयता असणार, नारळवाल्याच्या हातगाडीवरही असणार. धंद्याचा कागद, मुकादमाचा जबाब, हंगामाची तारीख हा इथला खरा बचाव. रात्री दोन वाजता चौकात चार जणांसोबत शर्टात खोचलेल्या कोयत्याला शेतीची सबब लागू पडत नाही, हेही आधीच मान्य करून चाला.

कलम १३५ साठी मनाई आदेशाची प्रत मागा. तारीख, हद्द, मुदत आणि तो लोकांना जाहीर कसा केला, हे चारही सिद्ध व्हावे लागतात. अनेक दोषारोपपत्रांत फक्त आदेशाचा क्रमांक असतो, आदेश नसतो.

ताबा आणि जाणीव

वस्तू जवळ असणे पुरेसे नाही. ती आहे हे माहीत असणे आणि तिच्यावर नियंत्रण असणे, दोन्ही लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात शस्त्र अधिनियमाबाबत हे सांगितले, आणि १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या ताब्यालाही जाणिवेची अट लावली. विमानतळावर एखादे काडतूस सापडलेल्यांचे गुन्हे दिल्ली आणि मुंबई उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्द केले आहेत. त्यासाठी लागणारे कागद: काडतूस ज्याच्या परवान्यावर घेतले त्याचा परवाना, बॅग त्याची असल्याचे प्रतिज्ञापत्र, सोबत शस्त्र सापडले नाही ही पंचनाम्यातली नोंद. मग संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात अर्ज. काडतूस म्हणजे शस्त्राचा 'किरकोळ भाग', म्हणून शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५(ड) ची सूट, हा युक्तिवाद सगळीकडे चालत नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

चौघांच्या गाडीत हत्यार सापडले तर शस्त्र अधिनियमाचे कलम ३५ आडवे येते. ज्याला माहीत असावे असे मानायला जागा आहे, अशा प्रत्येकाला ते जबाबदार धरते. सीट कोणती, गाडी कोणाची, कधी बसलात, हत्यार उघडे होते की सीटखाली, हे तपशील चौघांपैकी प्रत्येकाचे वेगळे असतात. म्हणून चौघांनी एकच वकील घेणे बऱ्याचदा घातक ठरते.

परवाना संपला, वारसाने बंदूक आली

मुदत संपलेला परवाना म्हणजे विनापरवाना ताबा. परवानाधारक वारला तर वारसाने बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल तर त्याची पोच हा बचावातला मुख्य कागद.

कबुलीचा मोह

'दंड भरा आणि मोकळे व्हा' हा सल्ला कलम १३५ मध्ये सर्रास मिळतो. दोषसिद्धी मात्र नोंदीत राहते. सरकारी नोकरी आणि शस्त्र परवाना या दोन्हींत ती आडवी येते, आणि पुढे तडीपारीच्या प्रस्तावात वापरली जाते. पुरावा खरोखर भक्कम असेल तर आरोप निश्चितीपासून ३० दिवसांत वाटाघाटीच्या कबुलीचा अर्ज करता येतो. तिथे पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याची शिक्षा कायद्यातल्या किमान शिक्षेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकते. पुरावा कच्चा असेल तर प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा, अर्ज द्या. खटला चालू असताना परदेशी जायचे असेल तर पासपोर्टसाठी त्याच न्यायालयाची परवानगी लागते. हा अर्ज प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी टाका.

सुटका झाली की निकालाची प्रमाणित प्रत दोन प्रतींत घ्या. एक ठाण्यात देऊन नोंद दुरुस्त करून घ्या, दुसरी जपा. परवान्याचे शस्त्र जप्त असेल तर ते परत मिळण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि अपिलाची मुदत उलटेपर्यंत ते सहसा हातात येत नाही.